नऊ नसलेलं बिल

टेबलावर दोन कीबोर्ड, शेजारी शेजारी.
एक अठराशेचा, एक सतरा हजार पाचशेचा.
लॅमिंग्टन रोड, जिन्याखालचा माझा गाळा,
आणि दोघांचीही तक्रार आवाजाचीच.

महागडा आला तो चेनच्या पिशवीत,
आत आणखी एक मऊ फडकं.
बारशाच्या घरातलं बाळ उचलावं तसा
ओजस कारखानीसने तो दोन्ही हातांवर धरून पुढे केला.
"स्पेसबार ऐका काका. टक म्हणतोय.
ठक म्हणायला हवा."
मग मोबाइलवर मला खरा ठक ऐकवला,
तीनदा.
मी मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी.

अॅल्युमिनियमचं अंग, दोन किलोला थोडा कमी,
कुणाच्या डोक्यात घातला तर पोलीस केस.
स्विचसुद्धा चिमट्याने उपटून निघतात, मुळ्यासारखे,
सोल्डर लागत नाही.
म्हणजे माझं काम त्यात जवळजवळ नाहीच.
एक ब्रश, आणि ग्रीसचा थेंब, मोहरीएवढा.
ग्रीसची डबीही त्याने स्वतःची आणलेली, परदेशी,
माझ्या डबीकडे बघून.

दुसरा सायमा तडवीचा. कुर्ला, नेहरूनगर.
भाजीच्या पिशवीतून आला,
एस्केपच्या फटीत कोथिंबिरीची काडी.
निळे स्विच, दर दाबाला दोनदा बोलणारे,
खाली जाताना एकदा, वर येताना एकदा.
तिची मॅच रात्री दोनला
आणि भिंतीपलीकडे राणेमावशींची झोप.
म्हणून प्रत्येक बटणाच्या आत तिने
वेणीच्या टोकाला लावतात ती बारकी रबरं घातलेली.
एकशे चार. मी मोजली.
काळी, गुलाबी, एक चमकी असलेलं.
तरी डी दोनदा उमटतो
आणि स्पेसबार पत्र्यावर नारळ पडावा तसा.

स्वस्तातली अक्षरं वरून रंगवलेली असतात.
तिच्या डब्ल्यूचा एकच पाय उरलाय,
एस तर नाहीच,
ए म्हणजे नुसती तिरकी रेघ.
पी मात्र कोरा करकरीत.
डाव्या हाताची चार बटणं जात्याच्या खुंट्यासारखी गुळगुळीत,
बघून सांगता येतं ही मुलगी कुठल्या बाजूने पळते.

ओजसच्या बटणांत अक्षर आरपार ओतलेलं.
दहा वर्षं बडवा, पुसायचं नाही.
कोण मेलं, कोण पळालं, रात्री काय लिहून खोडलं,
त्याला काही चिकटतच नाही,
नव्या तव्याला डोसा चिकटत नाही तसं.
बहुतेक त्याचेच सतरा हजार.

गुरुवारी ती आली. डीचा स्विच बदलून झाला होता.
"हा बघ जरा," म्हणत मी महागडा पुढे सरकवला.
तिने उभ्यानेच डावा हात ठेवला, नजर कॅलेंडरवर.
बोटं सुटली. मग थांबली.
"भारीये. पण काका, हा आतल्या आत बोलतो.
गोळी सुटली की नाही तेच कळत नाही."
तरी जाता जाता स्पेसबार आणखी एकदा दाबला.
आणखी एकदा.
मला वाटलं, किंमत विचारेल.

"याला तुम्ही काहीतरी लावलंय ना,
ते माझ्या स्पेसबारला लागेल का?
बाकीचं राहू दे. बाकीचं मला ऐकायला लागतं.
स्पेसबार मावशींसाठी."

लावलं. मोहरीएवढं.
ओजसच्या डबीतलं.

"आणि एस छापून देऊ का नवा?"
"कशाला? मला माहितेय तो कुठेय."

बिल मी दुकानाच्या कीबोर्डवर करतो,
रबरी, साडेतीनशेचा,
त्याचं नऊचं बटण गेल्या दिवाळीत तुटलं.
म्हणून माझ्या बिलात नऊ नसतो.
सायमाचे एकशे नव्वद होत होते,
एकशे ऐंशी लिहिले.
ओजसचे नऊशे होत होते.
हजार.

नवीन बटण मागवायचं राहूनच जातंय.